संख्यांचे पाये (७) : सुवर्ण गुणोत्तराच्या पायावर

आतापर्यंत आपण २, ८, १२, १६ असे पाये पाहिले. सगळे पूर्णांक. पण पायाच अपरिमेय घेतला तर? ब्रुकलिनमधल्या जॉर्ज बर्गमन या शाळकरी मुलाने हा प्रश्न मनावर घेतला आणि १९५७ साली त्याचा लेख ‘मॅथेमॅटिक्स मॅगझिन’मध्ये छापून आला. पुढे तो बर्कले इथे गणिताचा प्राध्यापक झाला. त्याने निवडलेला पाया म्हणजे सुवर्ण गुणोत्तर, १.६१८०३…, त्याला आपण फाय म्हणू.

अंक दोनच, ० आणि १. बिंदूच्या डावीकडे स्थानांच्या किमती १, फाय, फायचा वर्ग अशा चढत जातात. उजवीकडे दर स्थानाला फायने भागत उतरतात. एककाचं स्थान सोडलं तर प्रत्येक किमतीला न संपणारी दशांशाची शेपटी आहे. अशा किमतींतून साधा ३ नेमका जमेल, असं वाटतच नाही. पण जमतो : १००.०१. फायचा वर्ग २.६१८०३… आणि त्याचा व्यस्त ०.३८१९६…, बेरीज बरोबर ३.

याचं मूळ एकाच गुणधर्मात आहे. फायचा वर्ग म्हणजे फाय अधिक १. त्यामुळे कुठल्याही तीन लगतच्या स्थानांवरचे ०११ पुसून १०० लिहिता येतात. याला जोडणं म्हणू. उलट १०० चे ०११ करणं म्हणजे फोडणं. जमेल तिथे जोडत गेलं की शेवटी दोन १ शेजारी उरत नाहीत. हे संख्येचं प्रमाणरूप.

आता मोजू. १ मध्ये १ मिळवायचा, तर एककाची जागा भरलेली. मग तिथला १ फोडू : ०.११. जागा मोकळी झाली, नवा १ ठेवला : १.११. जोडलं की १०.०१, म्हणजे २. आणखी १ ठेवला की ११.०१, जोडून १००.०१. पुढे ४ म्हणजे १०१.०१. पाचाला जरा कष्ट पडतात. एकक फोडायचा, तर उजवीकडचं दुसरं स्थान आधीच भरलेलं; म्हणून आधी तिथला १ फोडायचा, मग एकक. होतात १००.११११. नवा १ ठेवून जोडत गेलं की १०००.१००१.

इथेच सिद्धताही हाती येते, आणि मला ती फार आवडते. वाटेत भरलेली जागा आली तर तीच आधी फोडायची; बिंदूच्या उजवीकडचे अंक मोजकेच असल्याने हे कुठेतरी थांबतंच. जोडताना दोन १ जाऊन एक उरतो, म्हणून तेही थांबतं. म्हणजे फायच्या पायात प्रत्येक धन पूर्णांक मोजक्या अंकांत लिहून होतो!

काही पूर्णांक तर एककाच्या दोन्ही बाजूंना सारखेच दिसतात. ७ म्हणजे १००००.०००१, १८ म्हणजे १००००००.०००००१. एदुआर ल्युकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २, १, ३, ४, ७, ११, १८… या मालिकेत ३ पासून एकाआड एक संख्या घेतली, की दोन टोकांना दोनच १ असतात. ११ त्यांत येत नाही, तरी तोही सममित आहे : १०१०१.०१०१, कारण ११ म्हणजे ७, ३ आणि १ यांची बेरीज. ५, ६ आणि ९ मध्ये ही सममिती नाही. ८ आणि १० मध्ये आहे का, ते वाचकांनी करून पाहावं.