मुका बोर्ड बोलतो तेव्हा...

दोस्तांनो, एटीएम कार्डाएवढी एक काळी पाटी, आणि ती म्हणे अख्खा कॉम्प्युटर! हा आहे बीगलबोन ब्लॅक. २०१३ साली अमेरिकेत निघालेला. वीज जोडली, दिवा लागला, पण टीव्हीचा पडदा काळाच. आता? गेला की काय कामातून?

थांबा! तो बंद पडला नसेल, नुसता मुका असेल.

शाळेत सगळ्यांच्या आधी शिपाईकाका येऊन कुलूप उघडतात ना, तसं कॉम्प्युटरमध्ये आधी 'बूटलोडर' उठतो. तो मेमरी जागी करतो आणि मग लिनक्सला आणून बसवतो. इथल्या बूटलोडरचं नाव यू-बूट. जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी तो सुरू केला. (जर्मन भाषेत यू-बूट म्हणजे पाणबुडी, बरं का!) तो जागा होतो तेव्हा टीव्हीचा पडदा झोपलेलाच असतो. त्याचं बोलणं ऐकू येतं ते फक्त सिरीयल कन्सोलवर.

त्यासाठी बोर्डावरच्या सहा पिनांपैकी तीनच लागतात. पिन १ ग्राउंड, ४ बोर्डाचा कान, ५ त्याचं तोंड. यूएसबी-सिरीयल केबलचं तोंड त्याच्या कानाला आणि त्याचं तोंड केबलच्या कानाला. तोंडाला तोंड लावलंत तर दोघेही गप्प! केबल मात्र ३.३ व्होल्टचीच हवी. ५ व्होल्टची लावली तर चिप कायमची जळू शकते. हे काम घरातल्या मोठ्यांना जवळ बसवूनच करा.

आता आपल्या कॉम्प्युटरवरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये वेग ११५२०० ठेवा. एका अक्षराला १० ठोके, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं! वेग चुकला तर नुसता कचरा दिसतो. अक्षरं नीट दिसतात पण कळ दाबून काहीच होत नाही? मग 'हार्डवेअर फ्लो कंट्रोल' बंद करा. आपण न जोडलेल्या तारेवरून परवानगी येईल म्हणून तो बिचारा वाट पाहत बसलेला असतो. इथे भलेभले फसतात.

वीज द्या. भराभर ओळी येतात, मग उलटी गिनती. तेवढ्यात सांगितलेली कळ दाबली की यू-बूट तुमच्या हुकमाची वाट पाहतो. नाही दाबली तर 'स्टार्टिंग कर्नल' अशी ओळ येते. तिच्यानंतर एकदम सामसूम झाली तर बहुधा लिनक्सला बोलायची जागा चुकीची सांगितलेली असते. यू-बूटच्या 'बूटआर्ग्ज'मध्ये 'कन्सोल'पुढचं नाव तपासा.

आणि पडद्यावर नुसतं 'सीसीसीसी' उमटत राहिलं तर? चिपला बूटलोडरच सापडलेला नाही. ती याच तारेवरून तो मागते आहे!