सरकारी मदत कोणाच्या पदरीं?

पिकाच्या ओळीवर पाय पडूं द्यावयाचा नाहीं, हें नांगराच्या खेचरास पहिल्यापासून शिकविलेलें असतें. १९३३ सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या दक्षिण भागांतील शेतकऱ्यांनीं तींच खेचरें फुलाबोंडावर आलेल्या कपाशींत घातलीं, तेव्हां तीं पाऊल पुढें टाकीनात, अशा हकीकती त्या वेळीं पुष्कळ प्रसिद्ध झाल्या. मुक्या जनावरास जें पटेना, तें माणसास करावें लागलें. कारण उभें पीक मोडण्याबद्दल सरकार रोख पैसे देत होतें.

हा प्रकार वरवर वेडेपणाचा दिसला, तरी त्यामागें हिशेब होता. १९२९ सालीं पौंडास सुमारें १७ सेंट असलेला कापसाचा भाव १९३२ पर्यंत ६ सेंटांच्या आसपास उतरला होता. माल फार, गिऱ्हाईक थोडें! म्हणून अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनें मे १९३३ मध्यें कायदा करून, जो लागवड कमी करील त्यास भरपाई देण्याचें ठरविलें, व गिरण्यांवर कर बसवून तो पैसा उभा केला. सुमारें एक कोटी एकर कपाशी नांगराखालीं गेली आणि भाव चढला. येथवर सर्व ठीक.

परंतु हा पैसा द्यावयाचा कोणाच्या हातीं? उत्तर पाहावयाचें, तर आर्कान्सा संस्थानांतील पॉइन्सेट परगण्याकडे वळावें. मिसिसिपीच्या खोऱ्यांतील ह्या सुपीक मुलखांत जमीन मळेवाल्यांची. राबणारीं कुटुंबें, गोरीं तशींच काळीं, अर्ध्या वाट्यानें ती कसणारीं. १९३४-३५ च्या करारांत पौंडामागें साडेचार सेंट भरपाई ठरली. त्यांतून मालकास चार सेंट, आणि अर्ध्या वाट्याच्या कुळास अर्धा सेंट! नऊ वाट्यांतील एक वाटा. वाटपावर देखरेख करणाऱ्या स्थानिक समित्यांतही मळेवाल्यांचेंच वजन. पीक कमी, तर माणसें तरी कशास, असा विचार करून अनेक मालकांनीं कुळांस घराबाहेर काढलें. शक्य तोंवर कुळांची संख्या कायम ठेवावी, असें करारांत होतें. पण ‘शक्य तोंवर’ ह्या फटींतून हत्तीही निघून जातो.

जुलै १९३४ मध्यें त्याच परगण्यांतील टायरोंझा गांवाजवळ ११ गोरे व ७ काळे पुरुष एकत्र जमले आणि त्यांनीं कुळांचा संघ स्थापिला. वर्णभेदाच्या त्या मुलखांत एकत्र बसणें हेंच मोठें धाडस होतें. १९३५ सालीं सरकारी शेतीखात्यांत कुळांची बाजू घेणारे वकीलच नोकरीस मुकले. जानेवारी १९३६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कर घेऊन भरपाई देण्याची ती योजना घटनाबाह्य ठरविली. परंतु तोंवर कित्येकांचीं बिऱ्हाडें रस्त्यावर आलीं होतीं.

ही गोष्ट परक्या देशाची म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. आपल्याकडे २०१९ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीनें वर्षास ६,००० रुपये देऊं केले, तेही जमीन ज्याच्या नांवें त्यास. दुसऱ्याचें शेत वाट्यानें करणारा त्यांत बसला नाहीं. ज्यांचें नांव गांवच्या सातबाऱ्यावर आहे, पण नांगर दुसऱ्याच्या हातीं आहे, अशा कुटुंबांतील वडील मंडळींनीं मदतीचा हप्ता जमा होईल त्या दिवशीं एवढा हिशेब अवश्य मांडावा: घाम कोणाचा, आणि पैसा कोणाचा?