खडकवासल्याची डिग्री आणि घरचा हिशेब

बारावीचा निकाल आणि सीईटीचा स्कोअर हातात पडला, की जळगाव-धुळ्याच्या घराघरांत वही उघडली जाते. इंजिनिअरिंगला बांभोरी, शिरपूर, की थेट पुणं? फी किती, हॉस्टेल किती, बँकेचं कर्ज किती, प्लेसमेंट किती? या वहीत खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं, नाव क्वचितच येतं. मुलगा फौजेत जाणार म्हटलं की आपल्याकडे अभिमानाची भाषा सुरू होते आणि पैशांचा विषय मागे पडतो. पण कपाशीच्या भावावर वर्ष ढकलणाऱ्या घराला हा विषय मागे टाकणं परवडत नाही.

आधी डिग्री समजून घेऊ. एनडीएत तीन वर्षं शिक्षण होतं आणि पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. बीए आणि बीएस्सीबरोबर नौदल व हवाई दलाच्या कॅडेट्ससाठी बीटेकही आहे. त्याचं चौथं वर्ष केरळात एळिमलाला किंवा हैदराबादजवळच्या दुंडिगलला पूर्ण होतं. भूदलात जाऊन बीटेक करायचं असेल, तर बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे गुण आणि जेईई मेनच्या जोरावर टेक्निकल एंट्री स्कीम आहे. तिथलं इंजिनिअरिंग पुण्यात दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात (सीएमई), महूला किंवा सिकंदराबादला होतं.

शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश हा खर्च सरकारचा. घरच्यांकडून सुरुवातीची ठेव आणि हातखर्चाचे पैसे घेतात. उत्पन्न कमी असलेल्या घरांना त्यातही मदत मिळते. एनडीएच्या तीन वर्षांनंतरच्या प्रशिक्षणात महिन्याला ५६,१०० रुपये स्टायपेंड, म्हणजे वर्षाचे ६ लाख ७३ हजार. पुण्यातल्या मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या इंजिनिअरला साडेतीन लाखांच्या आसपास पॅकेज मिळतं, आणि तेही कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना. कमिशन मिळून, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक होऊन, लेफ्टनंट झाल्यावर मूळ वेतन ५६,१०० आणि सैनिकी सेवा वेतन १५,५००. त्यावर जुलै २०२५पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता धरला, तर लाखाच्या वर तेरा हजार होतात. बाकीचे भत्ते वेगळे.

पगारापेक्षा मोठी गोष्ट पेन्शनची आहे आणि घरच्या हिशेबात नेमकी तीच सुटते. मार्च २०२३मध्ये राज्यातले शिक्षक-कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ती जुनी पेन्शन सैन्यदलांत अजून आहे. कायम कमिशनच्या अधिकाऱ्याला २० वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळते. लेफ्टनंट कर्नलच्या वेतनाचा किमान टप्पा १,२१,२०० धरून सेवा वेतन मिळवलं, तर निम्मे होतात ६८,३५०, वर महागाई भत्ता. वय तेव्हा बेचाळीसच्या आसपास. एवढी रक्कम बँकेच्या सहा टक्के व्याजातून काढायची तर १ कोटी ३६ लाखांवर मुद्दल लागेल. आपल्या मुलाच्या पॅकेजची फुशारकी मारणाऱ्यांपैकी किती जण हा आकडा त्यात धरतात?

म्हणजे पैसा कमिशनचा आहे, डिग्रीचा नाही. मग बीटेकचा उपयोग काय? सेवेत असताना तांत्रिक शाखांतल्या अधिकाऱ्यांना सैन्य पूर्ण पगारावर आयआयटीत एमटेकला पाठवतं. त्या वाटेवर बीटेक कामी येतं. सेवेतून बाहेर पडताना संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत आयआयएमसारख्या संस्थांत व्यवस्थापनाचे कोर्स करता येतात. कंपन्या तेव्हा डिग्रीच्या कागदापेक्षा माणसं आणि सामान हलवण्याचा अनुभव पाहतात. अमेरिकेत वेस्ट पॉइंटचा पदवीधर पाच वर्षं सेवा करून बाहेर पडू शकतो, म्हणून तिथे डिग्रीचा बाजारभाव लवकर कळतो. आपल्याकडे कायम कमिशन मध्येच सोडायला परवानगी लागते.

खरी जोखीम मात्र प्रशिक्षणात आहे, आणि ती कुणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षी पाठीच्या कण्याला मार बसून वैद्यकीय कारणाने घरी परतणाऱ्या कॅडेटकडे ना कमिशन असतं, ना डिग्री. त्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही. मिळतं ते अपंगत्वाच्या प्रमाणात सानुग्रह अनुदान. अशा मुलांच्या हालअपेष्टांची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये स्वतःहून दखल घेतली. देशासाठी घडताना मोडलेल्या मुलाला हक्काची पेन्शन मिळायलाच हवी. स्वतःहून सोडलं, तर उलट प्रशिक्षणाचा खर्च पालकांकडून वसूल होतो.

ही जोखीम नको असेल, तर आधी धुळ्यात किंवा शिरपूरला बीई-बीटेक करून मग सैन्याकडे वळता येतं. डेहराडूनच्या टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्समधून कायम कमिशन मिळतं. शॉर्ट सर्व्हिस टेक्निकलमध्ये मात्र पुढे कायम कमिशन मिळालं नाही, तर दहा वर्षं, फार तर चौदा, आणि पेन्शन नाही. हा फरक फॉर्म भरण्याआधी कळायला हवा. मुलींसाठी या वाटेचं गणित २०२४पासून बदललं आहे, कारण आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्य सरकार भरतं. एनडीएचा दरवाजाही त्यांना उघडा आहे. १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५मध्ये तिथून बाहेर पडली.

आपल्या गावांच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी बहुतेक पोरं भरतीसाठी धावतात. अग्निवीराला चार वर्षांनंतर ११ लाख ७१ हजारांचा निधी मिळतो आणि चारांतल्या तिघांना घरी यावं लागतं. त्याच पोरांतल्या काहींना अधिकारी होता आलं असतं, पण एनडीएला वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि माहिती पोचते विसाव्या वर्षी. जागाही एका तुकडीला चारशेच्या आसपास, त्यामुळे अपयशाची शक्यता मोठी. खासगी अकादमीला लाखभर मोजण्याआधी तेही वहीत लिहावं. त्याला पर्यायही आहे: एनडीएची तयारी करून घेणारी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था राज्य सरकार १९७७पासून चालवतं, मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३पासून आहे. दोन्हीकडची निवड अकरावीच्या प्रवेशासाठी होते, म्हणजे मुलगा किंवा मुलगी दहावीत असतानाच अर्ज भरावा लागतो.