बीजाणूच्या सालीवरून

हिंगणी परिसरातल्या नवरगावला गारगोटीसारखा टणक चर्ट सापडतो. दख्खनचा लाव्हा थांबून थांबून वाहत होता, त्या मधल्या काळातल्या तळ्यांचा हा गाळ. वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं. त्यात ताडवर्गी झाडांची खोडं दगड होऊन पडली आहेत. पण एका नेच्याचं कोडं निघालं ते उत्तरेला, मराठी बोलणाऱ्या सौंसर भागातल्या मोहगाव कलानच्या चर्टमध्ये.

तिथले जीवाश्म 1930 च्या दशकात भूवैज्ञानिक के. पी. रोडे यांनी उजेडात आणले. त्यांतल्या एका फळासारख्या गोळ्याचं वर्णन पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी 1943 मध्ये केलं आणि रोडे यांच्या नावावरून त्याला ‘रोडाइट्स दक्षिणी’ म्हटलं. फळ कसलं, ते बीजाणुफल होतं, म्हणजे बीजाणूंची बंद डबी! आत दोन आकारांचे बीजाणू, म्हणजे पाणनेचा. पण कुठल्या घराण्यातला कोण?

पान सोबत असतं तर प्रश्न चुटकीसरशी सुटला असता. मार्सिलियाच्या कुळातल्या वंशांत मार्सिलियाला चार पर्णिका, रेग्नेलिडियमला दोन, पिल्युलारियाला एकही नाही. इथे नुसतं बीजाणुफल. पान कुजतं, बीजाणूची साल मात्र चिवट असते. शिवाय महाबीजाणूच्या, म्हणजे मोठ्या आकाराच्या बीजाणूच्या, तोंडावर आवरणाची जी टोपी असते, तिची ठेवण प्रत्येक वंशात वेगळी. रेग्नेलिडियममध्ये तिच्या पाकळ्या पीळ घातल्यासारख्या वळलेल्या असतात. पुण्याच्या त्र्यं. शं. महाबळे यांनी 1956 मध्ये या कुळातल्या जिवंत आणि जीवाश्म जातींची बीजाणुफलं नि बीजाणू शेजारी ठेवून अभ्यासले होते.

साहनी 1949 मध्ये गेले. पुढे नागपूरच्या विज्ञान संस्थेत श्यामला चितळे यांनी सहकारी पराडकरांबरोबर रोडाइट्स पुन्हा तपासायला घेतला. 1972 मध्ये निकाल छापून आला, आणि कौल झुकला रेग्नेलिडियमकडे. माझ्या मते खरा शोध हा दुसरा. पहिल्याने नाव दिलं, दुसऱ्याने गोत्र.

आणि इथेच गंमत आहे. रेग्नेलिडियमची आज एकच जात उरली आहे, तीही दक्षिण ब्राझील आणि लगतच्या भागात. त्या काळी भारत तर गोंडवन महाखंडापासून सुटून केव्हाच एकटा पडला होता! मग 2000 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या क्रिटेशस खडकांतूनही रेग्नेलिडियमची बीजाणुफलं जाहीर झाली. दक्षिण अमेरिकेचं वाटणारं हे घराणं एकेकाळी पार उत्तर गोलार्धातही नांदत होतं.