डोळ्यांनी शिकणारे आणि कानांनी शिकणारे

लातूर किंवा नांदेड शहरातल्या एखाद्या अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावून पाहा. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी मुले-मुली तेथे ओळीने बसलेली असतात. कोणी मोबाइलवर जीवशास्त्राचा तास पाहत असतो. कोणी कानाला इअरफोन लावून, डोळे मिटून तोच तास ऐकत असते. कोणी वहीत भराभर आकृत्या काढतो, तर कोणी जिन्यात येरझारा घालीत पुटपुटत असते. त्यांना सहज विचारा. एक म्हणेल, ‘मला पाहिल्याशिवाय समजत नाही.’ दुसरी म्हणेल, ‘माझ्या कानावर पडले की लक्षात राहते.’ तिसरा म्हणेल, ‘मला लिहूनच जमते.’

हे खरे असेल का? प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. ‘मी डोळ्यांनी शिकणारा’ असे एकदा मनाशी ठरले, की मुलगा दिवसातले चार तास चित्रफिती पाहण्यात घालवतो आणि उदाहरणे सोडवायचे राहून जाते. घरच्यांनी सोयाबीनच्या पैशातून खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च भागवलेला असतो. म्हणून हा विचार नीट तपासून पाहिला पाहिजे.

शिकणाऱ्यांचे असे गट पाडण्याची कल्पना बरीच जुनी आहे. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली तिला एक सुटसुटीत रूप दिले. पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि करून शिकणारे, असे त्यांचे चार गट. एक प्रश्नावली भरायची आणि आपला गट शोधायचा. ही कल्पना जगभर पसरली. आपल्याला ती पटते, याचे कारण उघड आहे. प्रत्येकाची काही ना काही आवड असतेच.

पण आवड वेगळी आणि उपयोग वेगळा. पुष्कळांना भेंडीपेक्षा भजी आवडतात!

मग हे तपासायचे कसे? समजा, तुमच्या वर्गात ४० मुले आहेत. त्यांपैकी २० स्वतःला ‘डोळेवाले’ म्हणवतात आणि २० ‘कानवाले’. प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाकून १० जणांना एक नवा धडा वाचायला द्या आणि उरलेल्या १० जणांना तोच धडा वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी सर्वांची एकच परीक्षा घ्या. गटांची कल्पना खरी असेल, तर डोळेवाल्यांमध्ये वाचणारे पुढे असले पाहिजेत आणि कानवाल्यांमध्ये ऐकणारे. दोन्ही गटांत वाचणारेच पुढे गेले, तर त्याचा अर्थ इतकाच, की त्या धड्याला वाचन अधिक मानवले. निकाल गटागणिक उलटला तरच गटांना अर्थ आहे.

अमेरिकेतील हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरचे संशोधन याच कसोटीवर घासून पाहिले. लेख ढीगभर होते, परंतु अशा रीतीने केलेले प्रयोग फारच थोडे निघाले, आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष तर गटांच्या कल्पनेच्या विरुद्ध होते. २०१५ साली बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रौढ वाचकांवर असाच प्रयोग केला; काहींनी पुस्तकातला मजकूर वाचला, काहींनी ऐकला. कोणाची आवड कोणती, याचा कोणाला किती समजले याच्याशी संबंध आढळला नाही. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक: इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची अशीच पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. आपल्या ‘गटा’प्रमाणे अभ्यास करणाऱ्यांना त्यामुळे जास्त गुण मिळाल्याचे दिसले नाही.

खरे पाहता साधन ठरते ते विषयावरून. हृदयाचे चार कप्पे चित्रातच पाहावे लागतात, हृदयाचे ठोके ऐकावे लागतात, आणि रक्तदाब मोजायला शिकायचे तर पट्टा हातात घ्यावा लागतो. यात डोळेवाला-कानवाला असा भेद नाही.

तुम्ही म्हणाल, ‘म्हणजे सगळे विद्यार्थी सारखेच?’ मुळीच नाही! ते वेगळे असतात, पण हा वेगळेपणा डोळ्या-कानात शोधून सापडत नाही. तो पुष्कळसा घरातून, गावातून आणि भाषेतून येतो.

याचा एक सुंदर प्रयोग १९७९ साली प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्या तिघांपैकी एक नाव तुम्हाला ओळखीचे वाटेल: मार्गारेट स्टेफेन्सेन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन. त्यांनी दोन पत्रे तयार केली. एकात भारतीय लग्नाचे वर्णन, दुसऱ्यात अमेरिकन लग्नाचे. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांना आणि अमेरिकन लोकांना दोन्ही पत्रे वाचायला दिली. प्रत्येकाने आपल्याकडच्या लग्नाचे पत्र लवकर वाचले आणि त्यातले जास्त सांगितले. परक्या लग्नाच्या पत्राचा अर्थ लावताना मात्र गंमत झाली. अमेरिकन वधूने आजीचा जुना पोशाख घातला होता. अमेरिकन वाचकाला तो मानाचा, वडिलोपार्जित ठेवा वाटला. एका भारतीय वाचकाला मात्र वाटले, की वधू दिसत होती बरी, पण कपडे जुने आणि फॅशन गेलेले! शब्द तेच, डोळेही सारखेच. मनात आधीपासून जे होते, त्याने अर्थ ठरवला.

आता मोबाइलवरच्या तासाकडे या. तो तास दूरच्या एखाद्या शहरात, इंग्रजी-हिंदी मिसळून दिलेला असतो. गुरुत्वाकर्षणाचे उदाहरण उंच इमारतीच्या लिफ्टचे, वेगाचे उदाहरण मेट्रोचे. मुखेडच्या किंवा अहमदपूरच्या खेड्यातली मुलगी लिफ्टमध्ये कधी बसलीच नसेल, तर तिला आधी लिफ्ट समजून घ्यावी लागते, मग त्वरण. त्यात दहावीपर्यंत ती ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणत होती. अकरावीत एकाएकी ‘फोटोसिंथेसिस’ झाले. आपले मन एका वेळी थोड्याच नव्या गोष्टी हाताळू शकते. नवा शब्द, नवी भाषा, अनोळखी उदाहरण आणि नवा सिद्धांत एकदम आले, की सिद्धांतासाठी जागा उरत नाही. यात तिच्या बुद्धीचा काही दोष नाही.

भाषेचा हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. १९४८ साली मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्याआधी मराठी घरांतली मुले वरच्या वर्गांत उर्दूतून शिकत. आजही देगलूर, बिलोली, धर्माबादकडे काही घरांत तेलुगू बोलतात, उदगीर-देवणीकडे कन्नड, आणि तांड्यांवर बंजारा बोली. या मुलांना मराठी पाठ्यपुस्तक हीच पहिली पायरी चढावी लागते.

आणखी एक गोष्ट. ‘मोठ्यांना उलट प्रश्न विचारू नये’ हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते. वर्गात गुरुजी चेहरे पाहून ओळखतात, की गाडी कुठेतरी अडली आहे. पडद्यावरच्या शिक्षकाला तुमचा चेहरा दिसत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना याची चांगलीच कल्पना आली. अर्थात, वर्गात तोंड न उघडणारी एखादी मुलगी मोबाइलवर धीटपणे प्रश्न लिहून पाठवते, हेही शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

मग लातूरने काय केले होते? ‘लातूर पॅटर्न’ हे नाव तुम्ही ऐकलेच आहे. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे नाव त्याच्याशी जोडले जाते. त्यात डोळेवाले-कानवाले असा भेद नव्हता. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग सराव परीक्षा घ्यायच्या, उत्तरपत्रिका तपासून चुका दाखवायच्या आणि पुन्हा परीक्षा घ्यायची. घोकंपट्टी म्हणून यावर टीकाही झाली, आणि ती सगळीच खोटी नाही. पण यातल्या एका भागाला प्रयोगशाळेचा भक्कम आधार मिळाला आहे.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार पाळ्यांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के! आठवण्याचे श्रम हेच शिकणे आहे, म्हणा ना.

चित्रफितीचा धोका येथेच आहे. ती पाहताना सगळे समजते आहे असे वाटते. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काहींना लक्ष्यावर छोटा बाण फेकण्याची चित्रफीत एकदा दाखवली, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपण चांगले फेकू असा विश्वास वाटला. प्रत्यक्षात त्यांचा नेम काही सुधारला नव्हता. विहिरीच्या काठावर बसून पोहणे पाहणाऱ्याचे असेच होते.

मोबाइलच्या पडद्यावर एक सोय मात्र आहे, जी वर्गात नाही: तास थांबवता येतो. तेव्हा पुढच्या रविवारी एक प्रयोग करा. जवळजवळ सारखेच अवघड असे दोन पाठ निवडा. पहिला पाठ सलग दोनदा पाहा. दुसरा एकदाच पाहा, पण दर सात-आठ मिनिटांनी थांबवून, मोबाइल पालथा ठेवून, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. घरच्या भाषेत लिहिले तरी चालेल. लिफ्टचे उदाहरण आले तर त्या जागी विहिरीतून वर येणारी पोहऱ्याची बादली घालून पाहा. मग आठ दिवस दोन्ही पाठांना हात लावू नका. नवव्या दिवशी मित्राकडून प्रत्येक पाठावर दहा प्रश्न काढून घ्या आणि गुण मांडा. वर्गातल्या वीस-पंचवीस जणांनी हे केले, तर शिक्षकांनी सर्वांचे गुण फळ्यावर एकत्र मांडावेत, आणि शेजारी ज्याने त्याने स्वतःला डोळेवाला म्हटले होते की कानवाला, तेही लिहावे.