जोड बरोबरीची

गोपाळ मंदिराजवळच्या बोळात आमचे जुने घर आहे. तेथे माडीवर संध्याकाळी मी मुलांना गाणे आणि तबला शिकवतो. वडील ग्वाल्हेरच्या दरबारात तबलजी होते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. मी त्यांचे शेंडेफळ, म्हणून दरबार मला ठाऊक तो त्यांच्या सांगण्यातूनच. ते म्हणत, "साथ करणं म्हणजे समोरच्याला उभा ठेवणं." हे वाक्य मी मुलांना किती वेळा ऐकवले असेल! ऐकवणे आणि पाळणे ह्यांत मात्र अंतर असते.

गेल्या गुरुपौर्णिमेला मी दोन विद्यार्थ्यांची तबल्याची जुगलबंदी ठेवली. एक वीस वर्षांचा, हाताचा तयार. दुसरा चौदाचा, गोड हाताचा पण कच्चा. सवाल-जबाब रंगतील, मंडळी खूश होतील, एवढाच माझा हिशेब. थोरल्याने द्रुत लय धरली. धाकट्याचा तिसऱ्याच जबाबाला हात अडखळला, सम हुकली आणि मागच्या बाजूला कोणीतरी हसले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा यायचा बंद झाला.

महिन्याभराने मी फ्रीगंजात त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "पाहा ना सर, शाळेतून आला की कॉम्प्युटरपुढे बसतो. सारखी लढाई!" चार शब्द सुनवायचे ठरवूनच मी त्याच्या शेजारी बसलो. पडद्यावर चिलखत घातलेला एक वीर एका मांत्रिकाशी झुंजत होता. तो मांत्रिकही कोणा माणसाचाच. कोठल्या तरी दूरच्या गावी बसलेला. पाहता पाहता आमचा वीर पडला. मुलगा हसला आणि पुन्हा तयारीला लागला.

"हरलास की रे!" मी म्हणालो.

"रोज हरतो सर. पण इथे समोर येतो तो माझ्या बरोबरीचाच येतो."

मला लहानपणीची नागपंचमीची दंगल आठवली. वस्ताद दोन पोरांना शेजारी उभे करी, खांदे चाचपी, आणि मगच जोड लावी. ह्या खेळात वस्ताद कोण, अशी उत्सुकता वाटली. मुलगा सांगू लागला. पुढे मीही थोडे वाचले.

हजारो माणसे एकाच काल्पनिक जगात वावरतात, असे हे खेळ. १९९७ साली निघालेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये बलवान खेळाडू नवख्यांना गाठून लुटीत. अखेर २०००मध्ये त्या जगाची दोन जगे केली; एकात परस्परांवर हल्ला करायला मनाई, दुसऱ्यात मोकळीक. नवखे सुखावले, पण जुन्यांपैकी पुष्कळांना वाटले की धोक्याबरोबर खेळाचा जीवही गेला. मनाई करणे सोपे. तोल साधणे अवघड.

राक्षसाशी लढताना एखाद्या मंत्राने त्याला आठ सेकंद जखडले तर गंमत वाटते. राक्षस तक्रार करीत नाही. पण तोच मंत्र माणसावर टाकला, तर त्याने आठ सेकंद हात बांधून मार खायचा! म्हणून २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये पुष्कळ वर्षे असा नियम होता: त्याच प्रकारचा मंत्र लागोपाठ टाकला, तर दुसऱ्यांदा निम्मा काळ टिके, तिसऱ्यांदा पाव, आणि चौथ्यांदा मुळीच लागू होत नसे. एखादी तिहाईच म्हणा ना! तीन वेळा बोललात, आता समेवर या आणि दुसऱ्याला वाव द्या.

दुसरा प्रश्न हत्यारांचा. ज्याला वेळ अधिक त्याची तलवार भारी. मग कौशल्याला विचारतो कोण? 'गिल्ड वॉर्स २' (२०१२) ह्या खेळाने द्वंद्वाच्या आखाड्यात सर्वांना एकाच पायरीवर आणले. जुना असो वा नवा, प्रत्येकाला सारखीच आयुधे निवडायला मोकळी. तिसरा प्रश्न जोडीचा. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो ह्यांनी बुद्धिबळपटूंचे बळ आकड्यांत मांडण्याची रीत बसवली. जागतिक संघटनेने ती १९७०मध्ये स्वीकारली. दुबळ्याला हरवले तर गुण थोडे, बलवानाला हरवले तर पुष्कळ. ह्याच कुळातल्या रीतींनी अनेक खेळ जोड लावतात. हरत गेलात तर आकडा उतरतो आणि समोर तुमच्या तोलाचा माणूस येतो.

तरी हे गणित कधी पुरे होत नाही. एखादा डाव नवशिक्याच्या हाती लंगडा असतो आणि मुरलेल्याच्या हाती असह्य होतो. त्याची धार बोथट केली की नवशिका रडतो; तशीच ठेवली की बाकीचे रडतात. सर्वांना एकाच मापाचे केले तर भांडण मिटेल, पण वीर व्हायचे की मांत्रिक, ह्याला अर्थ उरणार नाही. सतारीचा तबला करून का जुगलबंदी होते? वाद्ये वेगळीच हवीत. फक्त एकाने दुसऱ्याला पुसून टाकता कामा नये.

मुलाचे एक वाक्य मात्र मनात रुतून बसले. "सर, इथे हरलो की का हरलो ते कळतं. मग पुन्हा खेळावंसं वाटतं." गुरुपौर्णिमेला हरल्यावर त्याला काय कळले होते? आपण वाईट आहोत, एवढेच. आणि ते खरे नव्हते. चूक जोड लावणाऱ्याची होती. मी त्याला तसे सांगितले. चौदा वर्षांच्या मुलापुढे चूक कबूल करायला वेळ लागला, हेही लिहून ठेवतो.

गेल्या आठवड्यापासून तो पुन्हा माडीवर येतो. पहिल्या दिवशी मी थोरल्याला समोर बसवले आणि सांगितले, "लय धाकटा धरील, तू जबाब दे." संथ लयीत थोरल्याची तारांबळ उडाली, भराभर बोल काढणे त्याला येते, दोन बोलांमधली जागा राखणे येत नाही. त्यालाही काही शिकायचे आहे, हे मलाही त्याच दिवशी कळले.

आता गुरुपौर्णिमा पुन्हा येईल. जुगलबंदी ठेवायची की नाही, ते त्या दोघांना विचारून ठरवीन. लय मात्र आधी बसून ठरवू.