थर्मोस्टॅट बदलायचा खर्च: कशाच्या तुलनेत?

गेल्या दिवाळीत चार दिवस हरिहरेश्वरला होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका पाहुण्यांची माणगाव स्टेशनवरून ने-आण स्वतःच्या छोट्या पेट्रोल गाडीने करतात. त्या आठवड्यात म्हसळ्याकडचा चढ लागला की गाडीच्या तापमानाचा काटा वर जायला लागला. श्रीवर्धनच्या मेकॅनिकने गाडी पाहिली आणि सांगितलं, "थर्मोस्टॅट अडकलाय. बदलायचे सतराशे होतील. नाहीतर काढूनच टाकू, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?"

रात्री काकांनी मला विचारलं, "तुम्ही पीएचडी करताय ना? मग सांगा, बदलू की काढून टाकू?"

माझा विषय इंजिनाचा नाही. पण प्रश्नाची जात ओळखीची होती. समोर दोन पर्याय, आणि आकडा फक्त एकाचाच. संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना आपण सगळे हीच चूक करतो.

आधी यंत्र समजून घेऊ

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला एक झडपेचा दरवाजा. त्यात पितळी कुपीत मेण भरलेलं असतं. कूलंट तापलं की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग ती बंद करते. मेणाचा हा थर्मोस्टॅट १९३०च्या दशकातला. आजही बहुतेक गाड्यांत तोच आहे. काकांच्या गाडीतल्या भागावर ८२ हा आकडा कोरलेला होता, म्हणजे ८२ अंश सेल्सिअसला झडप उघडायला सुरुवात.

झडप बंद अवस्थेत अडकली तर कूलंट रेडिएटरपर्यंत पोचत नाही आणि इंजिन तापतं. उघडी अडकली तर इंजिन नीट गरमच होत नाही, आणि पेट्रोल जास्त लागतं.

इथेच "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो" हा युक्तिवाद ढिला पडतो. कोकणात सकाळी हवा २५–३० अंश असते, इंजिनाला हवेत ८०–९०. मधली दरी ५०–६० अंशांची. आपल्याला घाम फुटतो म्हणून इंजिन गरम झालं असं होत नाही.

बिल पुन्हा वाचू

सतराशेची फोड अशी: थर्मोस्टॅट ६००, गॅस्केट ५०, कूलंट ५५०, मजुरी ५००.

आता काढून टाकण्याचं बिल मांडा. त्यासाठीही कूलंट काढावं लागतं, हाऊसिंग उघडावं लागतं, गॅस्केट नवं घालावं लागतं. म्हणजे ११००. "सतराशे की शून्य" असा प्रश्न नव्हताच. तो सतराशे की अकराशे असा होता. दोन्ही पर्यायांत जो खर्च सारखाच आहे, तो निर्णयात मोजायचाच नाही. मोजायचा तो फरक: ६०० रुपये.

पण बिलावर नसलेली एक ओळ होती. नवा भाग माणगावहून यायला एक दिवस, आणि तोवर गाडी दारात उभी. काकांच्या हिशोबाने दिवसाचे १२०० रुपये बुडणार. म्हणजे खरा फरक १८००, आणि त्यातला दोन-तृतीयांश भाग कुठल्याच पावतीवर नाही. माहिती गोळा करताना नुसत्या पावत्या जमवल्या असत्या तर ही सगळ्यात मोठी ओळ निसटली असती.

मग १८०० वसूल कधी?

माणगावची एक फेरी जाऊन-येऊन सुमारे ७ लिटर पेट्रोल खाते. लिटरला १०० रुपये धरू. थर्मोस्टॅट काढल्यावर ५ टक्के पेट्रोल जास्त लागेल असं गृहीत धरलं, तर फेरीमागे ३५ रुपये जातात आणि साधारण ५१ फेऱ्यांत हिशोब फिटतो. २ टक्केच धरले तर १४ रुपये, आणि १२९ फेऱ्या. गृहीतक जरा हललं की उत्तर अडीच पट हलतं. म्हणून नुसत्या मायलेजवर निर्णय टेकवायचा नाही.

निर्णय ठरवला दुसऱ्याच गोष्टीने. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, आणि काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत जातं. म्हणजे ज्या चढावर गाडी तापत होती तिथेच पुन्हा तापू शकते. त्यातून हेड वाकलं किंवा हेड गॅस्केट गेलं, तर खर्च हजारांत जातो आणि गाडी कित्येक दिवस बंद. एकच गाडी असलेल्या माणसाला ही जोखीम परवडत नाही.

पातेल्यातला प्रयोग

पण भाग खरंच बिघडलाय का? मेकॅनिकचा अंदाज हे गृहीतक, पुरावा नव्हे. काकूंनी स्वयंपाकाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. एका जुन्या डब्यात पाणी उकळलं. थर्मामीटर नव्हता, पण हरिहरेश्वर समुद्रकाठी आहे, तिथे पाणी १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वरला हेच ९५–९६ अंशांना झालं असतं. जुना आणि नवा थर्मोस्टॅट दोऱ्याने एकाच पाण्यात सोडले, बुडाला टेकू न देता. नवा मिनिटाभरात उघडला. जुना बंदच.

नवा सोबत का टाकला? तोही उघडला नसता तर दोष आपल्या प्रयोगात आहे हे कळलं असतं. यालाच नियंत्रण म्हणतात.

दुसऱ्या दिवशी चढावर काटा जागचा हलला नाही. काका खूश. पण तो काटा पुरावा म्हणून कच्चा आहे, कारण थर्मोस्टॅटबरोबर कूलंटही बदललं होतं. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की श्रेय कोणाला द्यायचं ते ठरत नाही. पक्का पुरावा डब्यातलाच.

आणि हो, हे एका छोट्या गाडीचं एक बिल आहे, सरासरी नव्हे. नव्या गाड्यांत थर्मोस्टॅट अनेकदा हाऊसिंगसकट घ्यावा लागतो. जुन्या बिलांशी तुलना करत असाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हेही लक्षात घ्या.

तुमच्या प्रस्तावात "खर्च" किंवा "परिणाम" हा शब्द जिथे असेल, तिथे समासात लिहा: कशाच्या तुलनेत? कोणासाठी? पावतीवर नसलेली ओळ कोणती? उत्तर सुचत नसेल तर सर्व्हेचा फॉर्म अजून छापू नका.